सोळाशे किलोमीटरचे दूरत्व

नकाशात दिल्लीवर बोट ठेवावे आणि ते डावीउजवीकडे न वळवता सरळ उत्तरेला न्यावे. बोट सिमल्यावरून जाते, लडाख ओलांडून सियाचीन हिमनदीवर पोहोचते, काराकोरमच्या पलीकडे यारकंद या जुन्या व्यापारी शहराला स्पर्श करते, किर्गिझस्तानातील इस्सिक-कुल सरोवर पार करते आणि तियान शान पर्वताच्या उत्तर पायथ्याशी, कझाकस्तानातील अल्माटी शहराजवळ येऊन थांबते. ही सारी ठिकाणे ७७व्या पूर्व रेखावृत्तावर किंवा त्याच्या अगदी लगत आहेत. तेच बोट दिल्लीहून दक्षिणेला नेले, तर भोपाळ, अकोला, बंगळुरू असे करीत ते कन्याकुमारीला पोहोचते. दिल्लीहून कन्याकुमारीचे हवाई अंतर सुमारे २,२८० किलोमीटर आहे. अल्माटीचे सुमारे १,६४०. चेन्नईही दिल्लीपासून अल्माटीपेक्षा दूर आहे. ताश्कंद तर १,६०० किलोमीटरच्या आत आहे आणि काबूल मुंबईपेक्षा जवळ.

हे आकडे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते, आणि त्या आश्चर्यातच आपल्या प्रश्नाचे मर्म आहे. चेन्नई आपल्याला जवळची वाटते, कारण न्याहारी करून निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला तिथे पोहोचतो. अल्माटी परदेशी आणि दूरची वाटते, कारण तिथे पोहोचण्यास किती वेळ लागेल, हे पृथ्वीच्या आकारावर ठरत नाही. ते ठरते मधल्या पर्वतांवर आणि मधल्या राज्यांवर. पर्वत हलवता येत नाहीत. राज्यांशी मात्र बोलता येते. निदान बोलण्याचा प्रयत्न करता येतो. गेल्या काही वर्षांत आपण या दुसऱ्या गोष्टीचा विचार फार थोडा केला आहे, असे माझे मत आहे.

आधी पर्वतांचे पाहू. दिल्लीहून अल्माटीला जाणारे विमान वर सांगितलेल्या सरळ रेषेने जात नाही. जेट विमान १० ते १२ किलोमीटर उंचीवरून उडते आणि काराकोरमची शिखरे सात-आठ किलोमीटर उंच आहेत; तेव्हा अडचण काय, असे कोणी विचारेल. अडचण संकटकाळाची आहे. केबिनमधील हवेचा दाब अचानक कमी झाला, तर वैमानिकाला विमान लगोलग सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत, म्हणजे माणूस साध्या हवेत श्वास घेऊ शकेल इतके खाली आणावे लागते. प्रवाशांच्या डोक्यावरील मुखवट्यांतून मिळणारा प्राणवायू काही मिनिटेच पुरतो. खाली शेकडो किलोमीटर बर्फाच्छादित शिखरे आणि पाच किलोमीटर उंचीची पठारे असतील, तर उतरायचे कोठे? एक इंजिन बंद पडले, तर जवळचा विमानतळ कोणता? म्हणून विमाने या पर्वतरांगांना पश्चिमेकडून वळसा घालतात. दिल्लीहून पंजाबकडे, तेथून पाकिस्तान, पुढे अफगाणिस्तान किंवा ताजिकिस्तान आणि मग मध्य आशियाचा सपाट प्रदेश. या मार्गाने अल्माटी साडेतीन तासांच्या आसपास येते.

म्हणजेच दिल्लीचा उत्तरेकडील दरवाजा लाहोरच्या आकाशात उघडतो. खैबर आणि बोलन या खिंडींतून उपखंडात आलेल्या सार्थवाहांचा, सैन्यांचा, सूफींचा आणि विद्वानांचा मार्ग ज्या कारणाने तसा होता, त्याच कारणाने विमानांचा मार्गही तसा आहे. फरगाण्यात जन्मलेल्या बाबराला दिल्लीला यायला काबूलवरून यावे लागले आणि आजच्या वैमानिकालाही त्याच बाजूने जावे लागते. यंत्र बदलले, पण भूगोल तोच राहिला.

आता राज्यांचे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये दहशतवाद्यांनी २६ जणांची हत्या केली. भारताने सिंधू जलकरार स्थगित करण्यासह काही निर्णय घेतले. २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपले आकाश बंद केले आणि ३० एप्रिलला भारतानेही पाकिस्तानी विमानांना तशीच बंदी घातली. तेव्हापासून दोन्ही बाजूंनी महिन्यामागून महिना या बंदीला मुदतवाढ दिली. २०२५ साल संपले, तरी बंदी उठली नव्हती.

या बंदीचा पहिला बळी ठरले ते अल्माटी आणि ताश्कंद. इंडिगोने २०२३च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीहून या दोन्ही शहरांना थेट सेवा सुरू केली होती. बंदीनंतर काही दिवसांतच ती थांबवावी लागली. कंपनीने दिलेले कारण साधे होते: नव्या वळशाने ही शहरे तिच्या ताफ्यातील विमानांच्या पल्ल्याबाहेर गेली. चेन्नईपेक्षा जवळ असलेले शहर एका रात्रीत पल्ल्याबाहेर गेले! शहर जागचे हलले नव्हते. अरबी समुद्र, आखात, इराण आणि तुर्कमेनिस्तान असा वळसा घातला की सोळाशे किलोमीटरचा प्रवास कित्येक पटींनी लांबतो. जो प्रवासी दुबईमार्गे जातो, त्याच्या दोन उड्डाणांची बेरीज सुमारे पाच हजार किलोमीटर होते, म्हणजे सरळ अंतराच्या तिप्पट. हवेतील वेळच आठ तासांच्या घरात जातो. विमानतळावरील प्रतीक्षा वेगळी.

येथे आणखी एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. बंदी भारतीय विमान कंपन्यांना होती. भारताकडे येणाऱ्या सर्व विमानांना नव्हती. त्यामुळे कझाकस्तानची किंवा उझबेकिस्तानची कंपनी दिल्लीहून प्रवासी घेऊन पाकिस्तानावरून खुशाल जाऊ शकते. युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही हीच मुभा आहे. याचा अर्थ असा, की मार्ग बंद झाला नाही. मार्गावरून आपण बाजूला झालो. प्रवासी तोच, तिकिटाचे पैसे तेच, विमानतळही आपलाच. उत्पन्न मात्र दुसऱ्याचे. बाजारपेठ अशी एकदा हातची गेली, की बंदी उठल्यावर ती आपोआप परत येत नाही.

लांब पल्ल्याच्या प्रवासात हा फरक आणखी ठळक दिसतो. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे हवाई अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर आहे. २०१६च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियाने या प्रवासासाठी अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून विमान नेले. मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटर झाला, म्हणजे पूर्वीच्या मार्गापेक्षा सुमारे १,४०० किलोमीटर अधिक. तरीही विमान साडेचौदा तासांत, नेहमीपेक्षा लवकर पोहोचले. कारण उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि त्या दिशेने जाणाऱ्याला ढकलत नेतात. वारा अंतराचे गणित असे उलटवू शकतो, याची मौज वाटते. पण २०२५च्या बंदीनंतर याच कंपनीच्या दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरावे लागले, तेव्हा गणित उलटवणारा वारा नव्हता. १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवताना कंपनीने विमानांच्या कमतरतेबरोबर पाकिस्तानच्या बंद आकाशाचेही कारण दिले. त्यातच जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्षामुळे इराणचे आकाश बंद झाले आणि वळशाचीही वाट काही दिवस खुंटली.

मुंबईच्या वाचकाला या साऱ्याची झळ तितकी लागली नसेल. मुंबईहून पश्चिमेकडे निघालेले विमान प्रथम अरबी समुद्रावरच जाते. त्याचा वळसा लहान. दिल्ली, अमृतसर, लखनौ येथून निघणाऱ्यांचा मोठा. एकाच देशातील दोन शहरांचे जगापासूनचे अंतर एका सूचनेने असे वेगवेगळे बदलते.

मी सेवेची बरीच वर्षे हिमाचल प्रदेशात काढली. लाहौल खोऱ्यातील माणसाला केलाँगहून मनाली किती दूर, असे विचारले, तर तो किलोमीटर सांगत नसे. तो महिना विचारी. उन्हाळ्यात मनाली एका दिवसावर असे आणि रोहतांग बर्फाखाली गेला की वसंत ऋतूपर्यंत अगम्य. आमच्या प्रवासभत्त्याच्या देयकांत मात्र बारा महिने ११५ किलोमीटर हाच आकडा लिहिला जाई. ३ ऑक्टोबर २०२० रोजी नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला; मनाली-केलाँग रस्ता ४६ किलोमीटरने कमी झाला आणि प्रवासाचे चार-पाच तास वाचले. पण खरा बदल तासांचा नव्हता. आजारी माणूस जानेवारीतही रुग्णालयात पोहोचेल, ही खात्री आली, तो खरा बदल होता. प्रवासाचा काळ मोजताना किती तास लागतात याइतकेच, ते तास भरवशाचे आहेत काय, हेही मोजावे लागते. त्या भरवशावरच माणूस मुलीला दूरच्या महाविद्यालयात घालतो, व्यापारी माल पाठवतो, राज्यकर्ते मैत्रीचे करार करतात.

मध्य आशियाबाबत हाच भरवसा आपल्याकडे नाही. इतिहासाचा विद्यार्थी असताना मी लेह-यारकंद व्यापाराबद्दल वाचत असे. होशियारपूरचे व्यापारी लेहमार्गे माल धाडत. खारदुंग, सासेर आणि काराकोरम यांसारख्या खिंडी ओलांडून तांडा महिनाभराहून अधिक काळाने यारकंदला पोहोचे. वाटेत जनावरे मरत. त्यांच्या सांगाड्यांवरून वाट ओळखता येई, असे प्रवासी लिहून गेले आहेत. इतक्या यातना सोसून चालणारा हा व्यापार पर्वतांनी कधी थांबवला नाही. तो थांबला १९४९च्या सुमारास, सत्तांतर आणि बंद सीमा यांमुळे. महिनाभराची वाट माणसे चालून जात होती. शिक्का नाकारणाऱ्या ठाण्यापुढे मात्र ती थांबली.

भारताने २०१२ मध्ये मध्य आशियाशी संबंध वाढवण्याचे धोरण जाहीर केले. जानेवारी २०२२ मध्ये पाचही प्रजासत्ताकांच्या अध्यक्षांबरोबर शिखर परिषद झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये कझाकस्तानने भारतीयांना १४ दिवसांपर्यंत व्हिसाविना प्रवेश दिला. वैद्यकीय शिक्षणासाठी महाराष्ट्रासह देशभरातील हजारो विद्यार्थी बिश्केक, अल्माटी, ताश्कंद, समरकंद येथे आहेत. इराणमधील चाबहार बंदराच्या विकासात आपण पैसा आणि प्रतिष्ठा गुंतवली, ती याच प्रदेशापर्यंत पोहोचण्यासाठी. म्हणजे जमिनीवरून आणि समुद्रावरून वाट काढण्यासाठी आपण वर्षानुवर्षे खटपट करतो. आकाशातील वाटेचा विचार मात्र विमान कंपन्यांच्या नफातोट्याचा प्रश्न म्हणून सोडून देतो.

आकाश ही राज्याची मालमत्ता आहे, हा विचार तसा नवाच. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारनाम्याच्या पहिल्याच कलमात प्रत्येक राज्याचे आपल्या आकाशावर संपूर्ण आणि एकमेव सार्वभौमत्व मान्य झाले. त्याच परिषदेत दुसरा एक करारही झाला, त्यानुसार नियमित प्रवासी विमानांना न उतरता एकमेकांच्या प्रदेशावरून जाऊ देण्याचे सदस्य देशांनी मान्य केले. मालकी सांगायची आणि वाटही द्यायची, असा हा तोल आहे. भारत आणि पाकिस्तान या दोन्ही करारांत आहेत.

हा तोल पहिल्यांदा कोठे बिघडला, हे पाहण्यासारखे आहे. १९५२ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिषदेकडे पाकिस्तानविरुद्ध तक्रार केली. विषय होता दिल्ली-काबूल सेवा. अफगाण सीमेलगतचा पट्टा पाकिस्तानने निषिद्ध क्षेत्र ठरवला होता आणि भारतीय विमानांना त्यावरून जाऊ दिले जात नव्हते. त्या संघटनेपुढे दोन देशांमधील असा वाद येण्याची ती पहिलीच वेळ. काश्मीरची जखम तेव्हा आजच्याइतकीच ओली होती. तरीही पुढच्याच वर्षी मार्ग निघाला: निषिद्ध पट्ट्यातून ठरावीक हवाई मार्गिका देण्याचे पाकिस्तानने मान्य केले आणि तक्रार मिटली.

पुढे पारडे फिरले. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले ‘गंगा’ हे विमान पळवून लाहोरला नेण्यात आले आणि दोन-तीन दिवसांत तेथे जाळण्यात आले. ४ फेब्रुवारीला भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्यावरून उडण्यास मनाई केली. कराची ते ढाका हे सुमारे २,४०० किलोमीटरचे अंतर. त्या दिवसापासून एका देशाच्या दोन भागांमधील विमानांना श्रीलंकेमार्गे जावे लागले आणि मार्ग जवळपास दुप्पट झाला. पूर्व पाकिस्तान दुरावण्याची कारणे मुळात राजकीय होती. भाषेच्या अपमानाची होती, निवडणुकीचा कौल नाकारण्याची होती. पण मार्चनंतर तेथे सैन्य आणि रसद पाठवताना तो वळसा इस्लामाबादला किती जड गेला असेल, हे सांगायला नको. पाकिस्तानने परिषदेकडे धाव घेतली. परिषदेला या वादात अधिकारच नाही, अशी भूमिका भारताने घेतली. १८ ऑगस्ट १९७२ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने परिषदेला अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. तोवर ढाका ही वेगळ्या देशाची राजधानी झाली होती. एकमेकांवरून उडणे पुन्हा सुरू झाले ते १९७६ मध्ये. संसदेवरील हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून पुन्हा दोन वर्षे बंदी होती. २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने सुमारे साडेचार महिने आकाश बंद ठेवले.

या हत्याराने १९७१ मध्ये आपल्याला लाभ दिला, हे मी नाकारत नाही. तेव्हा शत्रूचे दोन अवयव आपल्या दोन्ही बाजूंना होते आणि मधले आकाश आपले होते. आज परिस्थिती उलटी आहे. पाकिस्तानी विमानांना भारतावरून पूर्वेकडे जाण्याची गरज मर्यादित आहे. दिल्लीहून उत्तर-पश्चिमेकडे जाण्याची आपली गरज रोजची आणि वाढती आहे. २०१९च्या बंदीत २ जुलैपर्यंत एअर इंडियाचे ४९१ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे तत्कालीन नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी राज्यसभेत सांगितले. २०२५ची बंदी वर्षभर चालली तर सुमारे ६० कोटी डॉलरचा बोजा पडेल, असा अंदाज याच कंपनीने सरकारला कळवल्याचे रॉयटर्सचे वृत्त होते. पाकिस्तानही सुटलेला नाही: २४ एप्रिल ते ३० जून २०२५ या काळात ४१० कोटी पाकिस्तानी रुपयांचे उत्पन्न बुडाल्याचे तेथील संरक्षण मंत्रालयाने आपल्या संसदेत मान्य केले. दोघांचेही नुकसान होते. पण जो अधिक प्रवास करतो, त्याचे अधिक होते. उद्याचा भारत अधिक प्रवास करणार आहे.

पैशांचा हिशेब कसाही मांडता येईल. दुसरा हिशेब अधिक गंभीर आहे. २१ मे २०२५ रोजी दिल्लीहून श्रीनगरला निघालेले इंडिगोचे विमान पठाणकोटच्या परिसरात गारपिटीच्या ढगात सापडले. विमानात दोनशेहून अधिक माणसे होती. वादळ टाळण्यासाठी वैमानिकाने थोडे डावीकडे, आंतरराष्ट्रीय सीमेच्या दिशेने वळण्याची परवानगी मागितली; ती मिळाली नाही. लाहोरच्या नियंत्रण कक्षानेही आपल्या आकाशात येऊ देण्यास नकार दिला. विमानाला ढगातूनच जावे लागले. नाकाचा भाग फुटलेल्या अवस्थेत ते श्रीनगरला सुखरूप उतरले, हे वैमानिकांचे कौशल्य आणि प्रवाशांचे नशीब. तो प्रवास देशांतर्गत होता. हवी होती ती काही मिनिटांची वाट.

यापुढे काय करावे? पहलगामच्या अपराध्यांना माफी नाही आणि सौम्य शब्दांनी दहशतवाद थांबत नाही, हे गृहीत धरूनच मी तीन गोष्टी सुचवतो. पहिली, वादळ, इंजिनातील बिघाड, प्रवाशाचे प्राणसंकट अशा वेळी कोणत्याही बंदीच्या काळात वाट द्यावी, असा स्पष्ट लेखी नियम दोन्ही देशांच्या नियंत्रण कक्षांमध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मध्यस्थीने व्हावा. युद्धकाळातही रुग्णवाहिका अडवायची नसते. या नियमाने कोणाचे धोरण सौम्य ठरत नाही. दुसरी, बंदीची प्रत्येक मुदतवाढ ही आज दोन ओळींची सूचना असते. तिची किंमत किती, कोण सोसतो आणि तिने काय साधले, याचे निवेदन २०१९प्रमाणे संसदेपुढे यावे. किंमत मोजूनही धोरण पुढे चालवायचे असेल, तर ते जाणूनबुजून चालवावे, सवयीने नव्हे.

तिसरी गोष्ट दीर्घ पल्ल्याची आहे. मध्य आशियाची हवाई वाट हा पायाभूत सुविधेचा प्रश्न मानावा. आखाती देशांशी आणि मध्य आशियाई सरकारांशी मार्ग, इंधनथांबे आणि माल वाहतुकीचे करार सरकारने स्वतः करावेत. शिनजियांगच्या आकाशातून वाट मिळावी, यासाठी चीनशी बोलण्याची विनंती एअर इंडियाने सरकारकडे केल्याच्या बातम्या नोव्हेंबर २०२५ मध्ये आल्या. तो प्रदेश लष्करी दृष्ट्या संवेदनशील आणि पर्वतांमुळे धोक्याचा आहे. तेथून लवकर काही निघेल, अशी आशा मी धरत नाही. एका शेजाऱ्यावरील अवलंबन टाळण्यासाठी दुसऱ्यावर अवलंबणे हेही दूरदृष्टीचे नाही. आणि ज्या दिवशी इस्लामाबादशी पुन्हा बोलणी सुरू होतील, त्या दिवशीच्या विषयपत्रिकेत १९५३चा तो कागद असावा. वैर कायम असतानाही नागरी विमानांसाठी मार्गिका ठरू शकते, याचा तो आपल्याच दफ्तरातील पुरावा आहे.

११ जानेवारी १९६६ रोजी लालबहादूर शास्त्रींचे ताश्कंदमध्ये निधन झाले. आदल्याच दिवशी त्यांनी पाकिस्तानशी शांततेच्या करारावर सही केली होती. युद्ध जिंकण्याची जिद्द आणि युद्धानंतर वाटाघाटीला बसण्याचे धैर्य या दोन्ही गोष्टी त्या लहानखुऱ्या माणसाकडे होत्या. ज्या शहराच्या नावाशी आपल्या इतिहासाचा हा प्रसंग कायमचा जोडला गेला, तिथे दिल्लीहून भारतीय विमानाने थेट जाता येऊ नये, ही स्थिती अपरिहार्य म्हणून स्वीकारण्याचे कारण नाही. अंतर सोळाशे किलोमीटरांहून कमी आहे. ते पार करायला किती तास लागावेत, हे अजून आपल्याला ठरवायचे आहे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)